बरणीच्या बुडाचा लंगडा

वखारियाशेठनं बरणी हातात घेतलीच नाही. टेबलावर होती तशीच तिच्यावर नखानं टिचकी मारली, कान जवळ नेला आणि म्हणाला, “बाई, एवढी एक सोडून बाकी सगळं घेतो.”

“एवढी एक कशाला सोडतो?” फ्रेनीबाईंनी विचारलं.

“ही नकली आहे.”

मी खाली फरशीवर बसले होते. पुढ्यात जुनी चादर अंथरलेली, हातात मलमलचं फडकं. पुसत होते तो वाडगा तसाच मांडीवर ठेवला.

देवळाली कॅम्पातला तो बंगला. मार्च महिना, पारशांचा नवरोज चार दिवसांवर आलेला. मी त्या घरची कोणी नव्हते. मी बोहारीण. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची भांडी, जुने कपडे घ्यायचे आणि भांडी द्यायची. अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा फ्रेनीबाईंच्या पायरीवर बसले, तेव्हा त्यांची मोलकरीण गावाला गेली होती आणि सण तोंडावर आला होता. मीच म्हटलं, आणा, कपाटातली भांडी मी घासून देते. तेव्हापासून दर नवरोजच्या आधी एक दिवस पाटी बाजूला ठेवून मी त्यांचं कपाट पुसायची.

कपाटात सतरा नग होते. बरण्या, पेले, आणि फळं ठेवायचे उभ्या पायाचे वाडगे. साधी काच नव्हती ती. झेंडूच्या रंगाची, आणि उजेडात धरली की पारव्याच्या मानेसारखी झळकायची. हिरवी, जांभळी, मध्येच सोनेरी. मी तिला मोरपंखी काच म्हणायची. वखारियाशेठ तिला कार्निव्हल म्हणत होता. फ्रेनीबाईंचे मालक सोलीशेठ दर लग्नाच्या वाढदिवसाला एक नग आणायचे. सतरा वर्षं आणले आणि वारले. आता फ्रेनीबाई दादरला पुतणीकडे राहायला निघाल्या होत्या. तिथं दोन खोल्या, कपाटाला जागा नाही. म्हणून मुंबईहून हा जुन्या काचेचा जाणकार बोलावला होता. माणूस गोड बोलणारा, बोटं बाईसारखी निमुळती. सकाळपासून तो एकेक नग बघून वहीत लिहीत होता आणि मला सारखा “मावशी, हळू” म्हणत होता.

“नकली कशावरून?” फ्रेनीबाई म्हणाल्या. “हा तर सोलीचा शेवटचा बरणी. बिल आहे माझ्याकडे.”

“बिल खरंच असेल.” शेठनं बरणी फिरवली. मागच्या बाजूला, पोटावर, तळहाताएवढ्या जागेत काच निस्तेज होती. मोरपंख नाही, नुसता मळका पिवळा. “हे बघा. खरा रंग भट्टीत काचेवर बसतो, तो आपसूक उडत नाही. हा वरून फासलाय, म्हणून गेला. आणि हे बघा.” त्यानं बरणी उलटी केली. “बुडावर कारखान्याचं नाव आहे, पण शेवटचं अक्षर तुटकं. एवढा मोठा कारखाना स्वतःचं नाव तुटकं घालेल? कोणीतरी खऱ्या बरणीवरून साचा काढून ही ओतलीय.”

“पण सोली फसणारा माणूस नव्हता.”

“तेच म्हणतो मी. सोलीशेठनी खरीच आणली असणार.” त्यानं बरणी खाली ठेवली. “मग खरी गेली कुठं? ह्या कपाटाला हात कोण लावतं?”

फ्रेनीबाईंनी बरणीवरची नजर उचलली नाही. खोलीत आम्ही तिघंच होतो, आणि शेठ चष्म्यावरून माझ्याकडे बघत होता.

बोहारणीला दुकान नसतं. लोकांचा उंबरा हेच तिचं दुकान. बाया तिच्यासमोर कपाट उघडतात, मेलेल्या माणसाचे कपडे तिच्या मांडीवर टाकतात, आणि आत चहा टाकायला जातात. त्या बंगल्यात मला चोर म्हटलं असतं, तर दिवस मावळायच्या आत लॅम रोडवरच्या सगळ्या फाटकांना आतून कडी लागली असती. पुढं माझ्या सुनेलाही कोणी पायरीवर बसू दिलं नसतं.

“शेठ,” मी म्हटलं, “सरळ बोला ना. मी बरणी बदलली, असं म्हणू राहिले तुम्ही.”

“मी कुणाचं नाव घेतलं नाही, मावशी.”

“नाव घ्यायला दुसरं हाये कोण इथं? मांजर?”

“कौसा,” फ्रेनीबाई म्हणाल्या. एवढंच. थांब म्हणाल्या की बोल म्हणाल्या, ते मला कळलं नाही. मी बोल असं धरलं.

“मला एक सांगा शेठ. हा वाडगा खरा का?” मांडीवरचा उभ्या पायाचा वाडगा मी वर उचलला. मोठा होता, दोन्ही हातांत धरायचा, काठाला द्राक्षांचे घोस.

“तो? तो तर सगळ्यांत खरा. माझ्या वहीत पहिला आहे तो.”

“नक्की?”

“मावशी, तीस वर्षं हेच करतोय.”

“मी बी भांडीच करते,” मी म्हटलं. “तेवढीच वर्षं झाली.”

माझी सासू भांड्याचं तोंड बघायची नाही. ती म्हणायची, तोंड सगळेच धुतात, भांड्याची जात बुडाला कळते. पाटीत घ्यायच्या आधी प्रत्येक भांडं ती उलटं करायची, आणि तीच सवय तिनं मला लावली. मी चादर झटकून सरळ केली आणि सतराही नग तिच्यावर पालथे मांडले. शेठ “हळू, हळू” म्हणत राहिला.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. मराठी नाही, इंग्रजी तर नाहीच. पण बुडावरची ती पाच अक्षरं मी अकरा वर्षं पुसत होते. मला ती माणसांसारखी ओळखीची होती. एक शिडी होती. एक वाकलेला विळा होता. आणि सगळ्यांत शेवटी एक पोटवाला माणूस, छाती काढून उभा, एक पाय सरळ आणि एक पुढं टाकलेला. पंधरा नगांवर तो धडधाकट होता. दोन नगांवर त्याचा पुढचा पाय गुडघ्यातून तुटलेला होता. त्याला मी लंगडा म्हणायची. पुसताना मोठ्यानं म्हणायची, काय लंगड्या, बरा हायेस का?

“बाईसाहेब, पांढरा कागद द्या. पातळ असू द्या.”

फ्रेनीबाईंनी केक भाजायचा तलम कागद काढून दिला. मी कनवटीची कुंकवाची डबी सोडली. बरणीच्या बुडावरच्या उठावाच्या अक्षरांवर कोरडं कुंकू चोळलं, फुंकर मारली, त्यावर ओलसर कागद ठेवून अंगठ्यानं दाबला. नाव कागदावर लाल उमटलं. मग वाडगा उलटा करून त्याचंही तसंच केलं.

“हे काय चाललंय?” शेठ म्हणाला.

“नाव काढते.”

“तुम्हाला वाचता येतं?”

“नाही. तुम्ही वाचा.”

दोन्ही कागद मी एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला लावून उजेडात धरले. शिडीवर शिडी बसली, विळ्यावर विळा. लंगड्याच्या तुटक्या पायावर तुटका पाय बसला, केसभर इकडंतिकडं नाही.

शेठ उठून खिडकीशी आला. चष्मा काढला, परत घातला.

“वाडग्यावरही तुटकंच आहे,” तो हळूच म्हणाला.

“तुम्ही बघितलं नव्हतं?”

“बघितलं होतं. नाव वाचलं होतं.”

“वाचलं, म्हणून पाय दिसला नाही,” मी म्हटलं. “आमच्या नाशकात तांबट आळीत भांड्यांवर नावं घालणारा एक मुकिंदा होता. एकदा त्याच्या छिन्नीचं टोक उडालं. नवी घ्यायचा कंटाळा. तर दोन दिवाळ्या गावातल्या सगळ्या सुनांच्या तांब्यांवर ठिपके लांबुळके पडले. कोणाच्या नावाला बी तसेच. मी काही वाचायची नाही, पण तांब्या हातात घेतला की सांगायची, हा मुकिंदाचा, आणि हा छिन्नी उडाल्यावरचा. तुमच्या कारखान्यात बी नाव घालायचा ठसा असेल ना? त्याचा पाय उडाला असेल. पंधरा नग उडायच्या आधीचे, हे दोन नंतरचे. बिलावर तारीख बघा.”

फ्रेनीबाईंनी डब्यातून बिलं काढली. बरणी शेवटच्या वर्षाची, वाडगा त्याच्या आदल्या वर्षाचा. बाकी सगळे त्याआधीचे.

“आणि साच्यावरून साचा काढला, तर माल बारका येतो,” मी म्हटलं. “पितळेची नकली समई असलीच्या शेजारी ठेवा, बोटभर कमी भरते. हे नाव बारकं झालंय का? सांगा.”

शेठ हसला. “नाही झालं.”

“मग एक तर दोन्ही खोटी, नाही तर दोन्ही खरी. वहीत पहिला नंबर कोणाचा लिहिलाय, ते तुम्हीच वाचा.”

मला वाटलं, मिटलं. पण शेठ कच्चा नव्हता. त्यानं बरणी फिरवली आणि ती निस्तेज बाजू परत माझ्यासमोर आणली.

“अक्षराचं मानलं, मावशी. माझी चूक. पण हा रंग? हा कसा गेला? वाडग्याचा नाही गेला, पेल्यांचा नाही गेला, हिचाच का गेला? ह्याचं उत्तर मिळेपर्यंत मी हिला खरी म्हणणार नाही. आणि मी म्हटलं नाही, तर मुंबईत कोणीच म्हणणार नाही.”

त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. अकरा वर्षं ठाऊक होतं. मी ते सांगितलं नसतं तर बरणी नकली ठरली असती, आणि मी चोर. सांगितलं तर चोर नव्हते, पण जे होते ते मला तितकंच जड होतं. भांडी हे माझं काम, आणि भांड्याचंच मी वाटोळं केलं होतं.

“मी घालवला,” मी म्हटलं.

“काय?”

“रंग. मी घालवला. पहिल्या वर्षी. मला काय ठाऊक, ही काच कशी घासतात. पितळ घासतात तशी घेतली. चिंचेचा कोळ लावला, राख घेतली, आणि लावला जोर. म्हटलं, बाईसाहेब खूश होतील, लखलखीत करून देऊ. पोटावर चार हात फिरवले आणि बघते तर मोर उडून गेलेला. तिथंच थांबले. बाकीच्यांना नुसत्या पाण्यानं धुतलं. आणि ही बाजू भिंतीकडं करून ठेवली.” मी फ्रेनीबाईंकडे बघितलं नाही. “दर वर्षी तशीच ठेवते.”

शेठनं खिशातून भिंग काढलं आणि बरणी खिडकीशी नेली. बराच वेळ तो त्या जागेवर वाकून होता.

“गोल गोल ओरखडे आहेत,” तो म्हणाला. “आणि रंग सोललेला नाही. झिजलाय. वरून फासलेला असता तर पापुद्रे निघाले असते.” त्यानं भिंग खिशात टाकलं. “आंबटानं जातो हा रंग, मावशी. पण चिंच लावून राखेनं घासणारं माणूस मला तीस वर्षांत भेटलं नव्हतं.”

“आता भेटलं ना.”

“बाई,” तो फ्रेनीबाईंना म्हणाला, “बरणी खरी आहे. डागी, पण खरी. मघाशी बोललो ते परत घेतो. ही पण वहीत घालतो.”

“तू तुझा वही बंद कर,” फ्रेनीबाई म्हणाल्या. “सोळा ने. हा बरणी मी विकत नाही.”

“अहो, मी चांगला भाव...”

“भाव तू मघाशी केला नी. नकली बोलला. आता नकलीच समज आणि माझ्याजवळ राहू दे.”

शेठ गेला. जाताना पायरीवर थांबून म्हणाला, “मावशी, मुंबईला माझ्या दुकानात या. पालथं घालून बघायला खूप माल आहे.” मी म्हटलं, चिंच घेऊन येईन. तो मोठ्यानं हसला. त्यानं खरंच चूक केली होती, की बरणी फुकटात पदरात पाडायचा डाव होता, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. डाव असता तर माणूस इतका मोकळा हसला नसता, असं मी धरून चालते.

मी चादर घडी करत होते. फ्रेनीबाई खुर्चीत बसल्या होत्या, बरणी मांडीवर.

“बाईसाहेब, माझं चुकलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.”

“तुला काय वाटते, माझे डोळे फुटलेत?” त्या म्हणाल्या. “तू पाटी घेऊन फाटकातून गेली आणि मी कपाट उघडला. माझा नवऱ्यानं दिलेला शेवटचा नग, मी बघणार नाही? मी चार दिवस रडली. पाचव्या दिवशी बोलली, जाऊ दे, गरीब बाईनं प्रेमानी घासला. पुढच्या वर्षी तू आली, पुसला, आणि परत भिंतीकडे केला. मी बोलली, हिला लाज वाटते. राहू दे भिंतीकडे.”

“मग मघाशी का नाही बोललात? तो मला चोर म्हणत होता.”

“मी बोलली असती तर तो काय बोलला असता? बाई आपल्या माणसाला वाचवते. मग बरणी नकलीच राहिला असता, आणि तू पण.” त्यांनी बरणी माझ्या हातात दिली. “तुझा तूच सांगायला पाहिजे होता. अकरा वर्षं वाट बघितली मी. जा, ठेव कपाटात.”

मी ठेवली. कोणती बाजू पुढं करू, ते सुचेना. शेवटी सवयीनं भिंतीकडेच केली.

फ्रेनीबाई दादरला गेल्या. पुढं सात-आठ वर्षांनी आमच्या वस्तीत साक्षरतेचा वर्ग निघाला. सून म्हणाली, सासूबाई, चला, नाही तरी संध्याकाळी बसूनच असता. पन्नाशी उलटल्यावर मी पाटीवर क गिरवला. मास्तरीण माझ्या धाकट्या मुलीपेक्षा लहान. ती म्हणायची, आजी, अक्षराला घाबरू नका. मी म्हणायची, घाबरत नाही गं, ह्याला कंबर कुठं असते ते बघते.

मराठी आलं तसं नातीच्या पुस्तकातून इंग्रजीही उचललं. पहिलं कार्ड लिहिलं ते फ्रेनीबाईंना. त्यांच्या नावातलं जोडाक्षर काही जमेना, म्हणून ‘फरेनीबाई’ लिहिलं. आठ दिवसांत उत्तर आलं. त्यांनी मराठीत लिहिलेलं, माझ्यापेक्षा वाईट अक्षर: ये.

गेले. दोनच खोल्या, पण उजेडाच्या. खिडकीत बरणी होती, आत लिमलेटच्या गोळ्या. रंग उडालेली बाजू खोलीकडे केलेली. त्यांच्या पलंगावरून तीच दिसायची.

“बाईसाहेब, उलटी ठेवलीत.”

“तू उलटी ठेवत होती,” त्या म्हणाल्या. “वाचायला शिकली नी तू? वाच बघू बुडावरचा नाव.”

मी गोळ्या बशीत काढल्या आणि बरणी पालथी केली. बोट ठेवून पाचही अक्षरं वाचली, एकदाही अडखळले नाही. फ्रेनीबाईंनी टाळी वाजवली.

“आणि तुझा तो लंगडा कसा आहे?”

मी थांबले. मी नाव वाचलं होतं. शिडी दिसली नव्हती, विळा दिसला नव्हता. शेवटच्या अक्षराला मी त्याच्या इंग्रजी नावानं हाक मारून पुढं गेले होते. त्याचा पाय धड आहे की तुटका, हे मला सांगता येईना. वखारियाशेठ तीस वर्षं कुठं चुकत होता, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

मग मी बरणी अर्धी फिरवली, नाव डोक्यावर उभं केलं. उलटं झाल्यावर ते मला वाचता येईना. आणि होता तो तिथंच, पोट काढून, पाय वर, गुडघ्यातून तुटलेला.

“बरा हाये,” मी म्हटलं.

आता माझं वय झालं. पाटी सुनेकडे गेली. भांडीबाजारातले व्यापारी जुना माल आला की मला बोलावतात. कोणी मोरपंखी काच आणतं, कोणी नावाचं पितळ. परवा एका पोरानं उभ्या पायाचा वाडगा आणला. मी तो पालथा केला आणि अक्षरं उलटी होतील असा फिरवला. त्याला वाटलं, म्हातारीला कळत नाही.

“आजी, उलटं धरलंय,” तो म्हणाला. “सरळ करून देऊ का? नाव वाचता येईल.”

“वाचते नंतर,” मी म्हटलं. “आधी बघू दे.”